मास्तर झाले 'पोलीस'!

परमनंट नोकरी सोडली, बँड काढला आणि अख्ख्या जगावर राज्य केलं... 'द पोलीस'ची ही फिल्मी स्टोरी तुम्ही कुठे ना कुठे ऐकली असेल. पण मधल्या काळात घरात किराणा कोण भरत होतं, हा प्रश्न विचारायला धुळ्याचे एक रिटायर्ड मास्तरच लागले!

जळगावच्या नवीन बस स्टँडवरून धुळ्याची एसटी हलली, की मी कानात इअरफोन घालते आणि 'आउटलँडोस दामूर' लावते. अडतीस मिनिटांचा अल्बम. गिरणेचा पूल येईपर्यंत पहिली बाजू आटोपते आणि ट्रॅफिकने दगा दिला नाही, तर एरंडोलच्या अलीकडे-पलीकडे शेवटचं गाणं संपतं. पुढचं पारोळा, मुकटी, फागणे डुलक्या काढायला मोकळं.

दोन वर्षांपूर्वी पुण्यातली नोकरी सोडल्यापासून हा प्रवास जरा जास्तच व्हायला लागलाय. नोकरी तशी वाईट नव्हती. एसी ऑफिस, शनिवार-रविवार सुट्टी, एक तारखेला पगाराचा मेसेज. पण मला स्वतःच्या नावाने लिहायचं होतं, म्हणून फ्रीलान्स झाले. आई शेजारच्या काकूंना सांगते, "सध्या घरूनच... काही तरी करते." त्या 'काही तरी'च्या आधीचा जो पॉज आहे ना, तो फक्त जळगावच्या आयाच घेऊ शकतात!

नोकरी सोडू की नको, या टेन्शनमध्ये मी महिनाभर रोज रात्री हाच अल्बम ऐकत होते. कारण सिंपल. ज्याने ही गाणी लिहिली आणि गायली, तो शाळामास्तर होता आणि त्याने नोकरी सोडली होती. मला तेवढंच पुरेसं होतं. बाकीची स्टोरी नीट वाचायची तसदी मी घेतली नव्हती. ती घ्यायला लावली मामाने.

मेमरी कार्डातलं हसू

पण आधी हे गाणं जळगावात माझ्यापर्यंत पोचलं कसं, ते सांगते. २०१०-११ ची गोष्ट. गोलाणी मार्केटमधल्या मोबाइलच्या दुकानांत तेव्हा मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची. दादाचं कार्ड भरायला मी सोबत गेले होते. दुकानदाराने कॉम्प्युटरवरून नजर न हलवता विचारलं, "हिंदी? अहिराणी? डीजे? इंग्लिश?" दादाने स्टाइल मारायला 'इंग्लिश' म्हटलं. त्या फोल्डरमध्ये मायकल जॅक्सन होता, शकिरा होती, एनरिके होता आणि मध्येच नाव नसलेली एक फाइल होती. तिच्या सुरुवातीला पियानोवर कुणी धपकन आपटल्यासारखा बेसूर आवाज आणि लगेच एक खुसखुस हसू. आम्हाला वाटलं, फाइल करप्ट आहे.

पुढे मास कॉमला असताना हॉस्टेलवर कळलं, की ते गाणं 'रॉक्सॅन'. हसणारा म्हणजे खुद्द स्टिंग. रेकॉर्डिंगच्या वेळी झाकण लावलेलं आहे असं समजून तो स्टुडिओतल्या पियानोवर टेकायला गेला आणि थेट पट्ट्यांवरच बसला! नंतर त्यांनी ते पुसलं नाही. तसंच ठेवलं. जगातल्या एवढ्या मोठ्या गाण्याची सुरुवात एका फजितीने होते, हे मला तेव्हाही जाम आवडलं होतं आणि आजही आवडतं.

कोनता गावना?

मामा धुळ्याला असतो. झेडपीच्या शाळेत मास्तर होता, बरीचशी नोकरी साक्री तालुक्यात झाली, आता रिटायर्ड. पण तरुणपणी तो ऑर्केस्ट्रात कॅसिओ वाजवायचा. गणपतीत दहा दिवस दहा गावं, लग्नसराईत तर विचारूच नका. त्याचा कान आजही तिखट आहे. घरात मिक्सर लावला, तरी 'काळी दोनमध्ये चाललाय' म्हणून सांगेल.

मागच्या खेपेला त्याला म्हटलं, "मामा, एक बँड ऐकवते तुम्हाला."

"कोनता गावना?" मामाने विचारलं.

त्यात त्याची काही चूक नाही. खान्देशात बँड म्हटलं की डोळ्यांसमोर लग्न येतं. झालरीचे लाल कोट, ट्रम्पेट, ढोल-ताशे, मागे ढकलत आणलेली जनरेटरची गाडी. नवरदेवाच्या मित्रांनी रस्त्याची धूळ डोक्यावर उडवली नाही, तर लग्न लागलं असं कुणी मानत नाही. आता बहुतेक ठिकाणी डीजेने तो मान पटकावलाय. पण 'गावोगावचा बँड' ही आयडिया डोक्यातून गेलेली नाही.

"लंडनना!" मी म्हटलं आणि 'रॉक्सॅन' लावलं.

मामाने स्टीलच्या डब्यावर बोटांनी ठेका धरला आणि चार आवर्तनांत सोडून दिला. पुन्हा धरला, पुन्हा सोडला. "हाऊ त उलटं वाजाडी राह्यना," तो म्हणाला. बघा, एका वाक्यात रेगे! तुम्हीही करून बघा. एक-दोन-तीन-चार असं मोजा. आपण जिथे टाळी देतो, तिथे रेगेची गिटार गप्प बसते आणि दोन आकड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत 'चक्' करून वाजते. जमैकातून स्थलांतरितांसोबत लंडनमध्ये आलेली ही चाल. पोलीसने ती उचलली, पण पूर्ण गाण्यात ठेवली नाही. कडवं असं उलटं, मोकळं, अर्धं रिकामं. ध्रुवपद आलं की धाडकन सरळ रॉक. 'सो लोनली'मध्ये तर हा फरक इतका ठळक आहे की एकाच गाण्यात दोन बँड भांडताहेत असं वाटावं. त्याच्या कॉर्ड्स बॉब मार्लेच्या एका गाजलेल्या गाण्यावरून घेतल्याची कबुली स्टिंगने नंतर देऊन टाकलीय.

मामाला सगळ्यात नवल वाटलं ते माणसांच्या संख्येचं. "तीनच जण?" त्याच्या ऑर्केस्ट्रात तबला, ढोलक, ऑक्टोपॅड असे तीन जण तर नुसते तालाला असायचे! इथे बेस आणि गाणं स्टिंग, गिटार अँडी समर्स, ड्रम्स स्ट्युअर्ट कोपलँड. बस्स. म्हणूनच ती रिकामी जागा ऐकू येते. पैसे नसल्याने चौथा माणूस घेता आला नाही असं नव्हे, त्यांना तिघेच हवे होते. पण चौथा परवडलाही नसता, हेही तितकंच खरं!

क्रॅमलिंग्टनचे गुरुजी

स्टिंगचं खरं नाव गॉर्डन समनर. जन्म १९५१, इंग्लंडच्या उत्तरेला न्यूकॅसलजवळच्या वॉल्सएंडमध्ये. गाव जहाजं बांधणाऱ्यांचं, वडील दुधाचा व्यवसाय करणारे. बसवर कंडक्टर, बांधकामावर मजूर, टॅक्स ऑफिसात क्लार्क असे उद्योग करून तो शेवटी शिक्षक झाला आणि क्रॅमलिंग्टन नावाच्या खाणकामगारांच्या गावात लहान मुलांना शिकवू लागला. संध्याकाळी जॅझ क्लबांत वाजवायचा. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा स्वेटर घालायचा म्हणून दोस्तांनी नाव ठेवलं 'स्टिंग', म्हणजे गांधीलमाशीची नांगी. आपल्याकडे एखाद्या मास्तरला मुलं नावं ठेवतात. इथे मास्तरने ठेवलेलं नाव जन्मभर वापरलं.

जानेवारी १९७७ मध्ये त्याने बायको, दोन महिन्यांचं बाळ आणि सामान घेऊन लंडन गाठलं. तिथे त्याला बोलावणारा होता स्ट्युअर्ट कोपलँड, अमेरिकन ड्रमर, ज्याचं लहानपण कैरो आणि बैरुतमध्ये गेलं होतं, कारण वडील सीआयएमध्ये होते. त्याच्या ड्रम्समध्ये जे काही अरबी, तिरकं, अनपेक्षित ऐकू येतं, त्याचं मूळ तिथे.

तेव्हा लंडनमध्ये पंकची लाट होती. सेक्स पिस्टल्सचा काळ. सेफ्टी पिना, फाटके कपडे, तीन कॉर्ड्स आणि भरपूर राग. नीट वाजवता येणं हा तिथे गुन्हा होता! या लाटेनंतर लगेच जे बँड आले, ज्यांनी पंकचा वेग ठेवला पण त्यात इतर संगीत मिसळायला सुरुवात केली, त्यांना लेबल मिळालं 'न्यू वेव्ह'. पोलीस त्यातले. पण खरं सांगायचं तर हे तिघे पंक कधीच नव्हते. स्टिंग जॅझवाला. कोपलँड आधी 'कर्व्ह्ड एअर' या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडमध्ये. आणि ऑगस्ट १९७७ मध्ये आधीच्या गिटारिस्टच्या जागी पक्का झालेला अँडी समर्स तर १९४२ चा जन्मलेला, म्हणजे चौतिशीतला. साठच्या दशकापासून वेगवेगळ्या बँडमध्ये वाजवून दमलेला. या अल्बमवर 'बॉर्न इन द फिफ्टीज' नावाचं गाणं आहे आणि बँडमधला एक जण चाळीसच्या दशकातला, ही गंमत कुणाच्या लक्षात आली की नाही, कोण जाणे!

समीक्षकांना हे ढोंग वाटायचं. ते ओळखीचे पिवळे केस? तेही बंडखोरी वगैरे नाही. १९७८ च्या फेब्रुवारीत एका च्युइंगगमच्या जाहिरातीत पंक बँड म्हणून उभं राहायचं होतं, म्हणून तिघांनी केस ब्लीच केले. जाहिरात कधी दाखवलीच गेली नाही. केस मात्र राहिले.

डॉक्टरांच्या स्टुडिओत

आता मेन पॉइंट. अल्बम कसा झाला?

लंडनबाहेर सरे परगण्यातल्या लेदरहेड गावात नायजेल ग्रे नावाच्या एका डॉक्टरांचा छोटा स्टुडिओ होता. डॉक्टर म्हणजे खरे डॉक्टर, पेशंट तपासणारे! स्ट्युअर्टचा मोठा भाऊ माइल्स कोपलँड म्युझिकच्या धंद्यात होता. त्याने पंधराशे पौंड उसने दिले. तेव्हाच्या भावाने वीस-पंचवीस हजार रुपये धरा. एवढ्या पैशांत सलग स्टुडिओ मिळणं शक्य नव्हतं. मग काय? दुसऱ्या कुणाचं बुकिंग कॅन्सल झालं की हे तिघे हजर. असं तुकड्या-तुकड्यांत काम चाललं ते जवळपास सहा महिने.

'रॉक्सॅन'चं बीज ऑक्टोबर १९७७ मध्ये पॅरिसला पडलं. बँड एका साध्या हॉटेलात उतरला होता, आजूबाजूच्या गल्लीत वेश्याव्यवसाय चालायचा. हॉटेलच्या लॉबीत 'सिरानो द बर्जराक' या नाटकाचं जुनं पोस्टर होतं. त्यातल्या नायिकेचं नाव रॉक्सान. स्टिंगने ते नाव उचललं आणि वेश्येला 'आता हे सोड' म्हणून विनवणाऱ्या पुरुषाचं गाणं लिहिलं. पहिल्यांदा त्याची चाल ब्राझीलच्या बोसा नोव्हासारखी होती. कोपलँडने ठेका फिरवून तिला आजचं रूप दिलं. (जाता जाता: अख्ख्या गाण्यात रॉक्सॅन स्वतः एक अक्षर बोलत नाही. तिला विचारलंय कुणी?)

माइल्सभाऊ अधूनमधून डोकावायचे आणि नाक मुरडायचे. हे गाणं तर ऐकवायलाही बँडला संकोच वाटत होता, कारण पंकच्या गर्दीत ते अगदीच हळुवार. पण माइल्सने नेमकं तेच ऐकून उडी मारली आणि टेप घेऊन ए अँड एम कंपनीत गेला. त्याची युक्ती भारी होती. अॅडव्हान्स मागितलाच नाही. त्याऐवजी विक्रीतला जास्त वाटा मागितला. कंपनीचं जाणार काय? त्यांनी एक सिंगल काढायला होकार दिला. अल्बमचं नावही माइल्सचंच. आउटलॉ, कमांडो आणि फ्रेंचमधलं 'दामूर' म्हणजे प्रेमाचे, यांची मिसळ. अर्थ विचारू नका, ऐकायला झकास वाटतं ना?

तीच गाणी, तेच रेकॉर्डिंग

एप्रिल १९७८. 'रॉक्सॅन' आलं आणि आपटलं. बीबीसीने फारसं वाजवलं नाही. बँडने 'आमच्यावर बंदी घातली' अशी पोस्टर्स लावून त्यातही पब्लिसिटी शोधली. ऑगस्टमध्ये 'कान्ट स्टँड लूझिंग यू' आलं. कव्हरवर कोपलँड बर्फाच्या लादीवर उभा, गळ्यात फास, लादी वितळायची वाट बघतोय! बीबीसी या फोटोवर खरंच भडकली. गाणं ४२ व्या नंबरवर अडकलं. नोव्हेंबरमध्ये 'सो लोनली'. काहीच नाही. त्याच महिन्यात अल्बम बाजारात आला. तोही थंड.

तीन गाणी, तीन फ्लॉप. कुठल्याही ऑफिसात तिसऱ्या प्रोजेक्टनंतर एचआरचा फोन आला असता.

त्याआधीच, ऑक्टोबरात, हे लोक अमेरिकेला निघून गेले होते. कंपनीने ढकललं नव्हतं. तिथे रेकॉर्ड निघालीही नव्हती. लेकर एअरवेजचं सगळ्यात स्वस्त तिकीट, एक व्हॅन, रात्री मिळेल त्या क्लबात कार्यक्रम. न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबात वाजवलं, पण एका गावात तर समोर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती. त्यांनी तरी पूर्ण कार्यक्रम केला म्हणतात. मामा इथे हसला. "ऑर्केस्ट्रावाल्याले हाई नवं नही," तो म्हणाला. पावसाने मैदान रिकामं झाल्यावर फक्त मंडळाच्या अध्यक्षांसाठी दोन तास वाजवल्याचा अनुभव त्याच्याही गाठीशी आहे.

पण या खटाटोपाचा उपयोग झाला. १९७९ च्या सुरुवातीला अमेरिकेत 'रॉक्सॅन' निघालं आणि रेडिओने ते उचललं. ३२ व्या नंबरपर्यंत गेलं. ते बघून इंग्लंडमध्ये एप्रिलमध्ये पुन्हा काढलं. नंबर १२. मग 'कान्ट स्टँड लूझिंग यू' पुन्हा काढलं. नंबर २! आणि फेब्रुवारी १९८० मध्ये 'सो लोनली' पुन्हा आलं, तेव्हा नंबर ६. अल्बमही चढत चढत इंग्लंडमध्ये सहाव्या नंबरवर आणि अमेरिकेत तेविसाव्यावर गेला.

लक्षात घ्या, गाण्यात काडीचा बदल नव्हता. तेच डॉक्टरांच्या स्टुडिओतलं रेकॉर्डिंग, तेच पट्ट्यांवर बसणं, तेच हसू. १९७८ मध्ये जे 'चालणार नाही' होतं, तेच दीड वर्षाने 'हिट' होतं.

मग अल्बम खरंच तेवढा ग्रेट आहे का? माझं प्रामाणिक मत... अर्धा. पहिली बाजू म्हणजे कमाल! 'नेक्स्ट टू यू'ची धडक, मग 'सो लोनली', मग 'रॉक्सॅन', मग रेंगाळणारं 'होल इन माय लाइफ'. दुसरी बाजू ढेपाळते. 'बी माय गर्ल - सॅली'मध्ये मध्येच समर्स हवा भरलेल्या बाहुलीवर कविता म्हणतो. तो विनोद तेव्हाही शिळा असावा. 'कान्ट स्टँड लूझिंग यू' ऐकताना पाय हलतात. पण शब्द ऐका, गर्लफ्रेंड सोडून गेली म्हणून जीव द्यायची धमकी देणारा मुलगा आहे तो. असे मुलगे आपण व्हॉट्सअॅपवर भेटलोय, त्यांच्यावर नाचावंसं वाटत नाही. आणि शेवटचं 'मासोको टांगा' निव्वळ निरर्थक शब्दांचं जॅमिंग. पण एसटी एरंडोलात शिरताना तेच बरं वाटतं.

त्याना घरमा कोन कमावत व्हतं?

ही सगळी स्टोरी मी मामाला रंगवून रंगवून सांगितली. सरकारी शाळेतली नोकरी सोडली, तीन फ्लॉप झाले, तरी हिंमत हरला नाही वगैरे. मध्ये मध्ये माझ्याच नोकरीचा संदर्भ येत होता, हे मामाला कळत होतं. मामी चहा ठेवून गेली. मामाने बशीत चहा ओतला आणि विचारलं,

"मंग त्याना घरमा कोन कमावत व्हतं, हाई माले सांग."

मी गप्प. खरंच की! १९७७ पासून १९७९ पर्यंत दोन-अडीच वर्षं या माणसाला गाण्यातून म्हणण्यासारखे पैसे मिळत नव्हते. बाळ होतं. लंडन शहर होतं. मग कसं चाललं?

घरी येऊन नीट वाचलं. उत्तर फारसं फिल्मी नाही. स्टिंगची तेव्हाची बायको फ्रान्सेस टॉमेल्टी ही रंगभूमी आणि टीव्हीवर काम मिळवणारी अभिनेत्री होती. इंग्लंडमध्ये बेकारांना सरकारी भत्ता मिळायचा, तो घेतला. मॉडेलिंग, जाहिराती, जे मिळेल ते केलं. १९७८ मध्ये त्याने 'क्वाड्रोफेनिया' या सिनेमात छोटी भूमिका केली, जो पुढच्या वर्षी आला. पंधराशे पौंड ड्रमरच्या भावाने दिले. स्टुडिओवाल्या डॉक्टरांनी वेळेचं गणित सैल ठेवलं. म्हणजे 'सगळं सोडून उडी मारली' हे जे आपण ऐकतो, त्यात खाली जाळी धरून उभे असलेले पाच-सहा जण होते. मुलाखतीत फोटो उडी मारणाऱ्याचा छापतात. जाळी धरणाऱ्यांचा नाही.

आणि पैसा आल्यावर? तोही सारखा आला नाही. या अल्बमची तिन्ही मोठी गाणी एकट्या स्टिंगच्या नावावर आहेत. २०२२ मध्ये त्याने आपल्या गाण्यांचे हक्क युनिव्हर्सलला विकले. २०२५ मध्ये समर्स आणि कोपलँड यांनी रॉयल्टीवरून त्याच्यावर लंडनच्या हायकोर्टात दावा लावला. सत्तरी-ऐंशीतले तिघे जण, पन्नास वर्षांपूर्वीच्या गाण्यांसाठी! ठेका फिरवणाऱ्याचा गाण्यावर हक्क किती, हा प्रश्न आमच्या मामाला विचारा. त्याच्याकडे ऑर्केस्ट्राच्या मानधनाचे किस्से आहेत, पण ते छापण्यासारखे नाहीत.

मामाने मग पहिल्यांदाच स्वतःबद्दल सांगितलं. नव्वदीच्या आसपास त्यालाही मुंबईच्या एका ऑर्केस्ट्राने बोलावलं होतं. तो गेला नाही. झेडपीत नुकताच लागला होता आणि त्याच्या पाठीवर दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. त्यातली एक माझी आई. हे आईने मला कधीच सांगितलं नाही. मामाने सांगताना आवाज जराही हलवला नाही. "गेलो असतो त बी काय समजे," एवढंच म्हणाला आणि बशी ठेवली. आणि हो, मी नोकरी सोडल्यावर पहिले चार महिने माझ्या खात्यात कधी दोन, कधी तीन हजार टाकणारा माणूसही हाच. 'रिचार्जला' म्हणून!

कुलाब्यातला तो बुधवार

अजून एक गोष्ट सांगायची राहिली. ही सगळी लंडनची भानगड वाटते ना? पण हा बँड आपल्याकडे येऊन गेलाय. तेही ऐन भरात असताना.

२६ मार्च १९८०, बुधवार. 'सो लोनली' नुकतंच इंग्लंडमध्ये गाजत होतं, दुसरा अल्बम नंबर एकवर जाऊन आला होता. पोलीसने जगाचा दौरा काढला होता आणि मुद्दाम अशा शहरांत जात होते, जिथे रॉक बँड सहसा जात नसत. जपान, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया करत ते मुंबईत उतरले. पुढे कैरो आणि अथेन्स. मुंबईत कार्यक्रम ठेवला कुणी? टाइम अँड टॅलेंट्स क्लबने. म्हणजे धर्मादाय कामांसाठी निधी जमवणाऱ्या, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या मैफली भरवणाऱ्या मुंबईच्या प्रतिष्ठित महिलांनी! जागा कुठली, तर कुलाब्याचं होमी भाभा ऑडिटोरियम. टीआयएफआर या संशोधन संस्थेचं सभागृह. जिथे शास्त्रज्ञ भाषणं देतात, तिथे कोपलँडचे ड्रम्स. जस्ट इमॅजिन!

या दौऱ्यावर पुढे 'द पोलीस अराउंड द वर्ल्ड' ही फिल्म निघाली. २०२२ मध्ये ती दुरुस्त करून नव्याने आलीय. त्यात ती मुंबई दिसते. सुरुवातीला खुर्च्यांवर शिस्तीत बसलेलं पब्लिक हळूहळू सैलावतं आणि शेवटी उठून नाचायला लागतं. त्यांच्यासमोर तीन पिवळ्या केसांचे गोरे ठेका उलटा वाजवताहेत. वरातीतल्या पोरांना तो जमला असता का? मला वाटतं, दुसऱ्या कडव्यापर्यंत नक्की!

जळगावपासून कुलाबा रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटर. रात्री गाडीत बसलं की सकाळी मुंबई. पण त्या बुधवारी खान्देशात याची कुणकुण लागण्याचा प्रश्नच नव्हता. लंडनमधून आपल्याकडे गाणं आलं ते त्याच वर्षीच्या 'कुर्बानी'तून, बिद्दूने चाल दिलेलं आणि नाझिया हसनने गायलेलं. मामाला ते कॅसिओवर आजही येतं. पोलीस मात्र गोलाणी मार्केटमधल्या मेमरी कार्डापर्यंत पोचायला अजून तीस वर्षं लागली.

मी मामाला तारीख सांगितली. त्याने डोळे बारीक करून हिशेब केला. "ऐंशीना मार्च... मी दहावीले व्हतो," तो म्हणाला. "बोर्डानी परीक्षा."

मग इअरफोनचा एक बोळा त्याने स्वतःच्या कानात घातला, एक मला दिला आणि 'रॉक्सॅन' परत लावायला सांगितलं. या वेळी डब्यावरचा ठेका सुटला नाही. पियानोचा धप्प आवाज आला तेव्हा हसला आणि गाणं संपेपर्यंत काही बोलला नाही.

मला स्टँडवर सोडायला आला, तेव्हा जळगावची गाडी लागलेली होती. मी खिडकीत बसले. मामा खाली उभा, हात मागे बांधून, तपासणीला आलेल्या साहेबासमोर उभा राहावा तसा. गाडी सुरू झाली तसा तो दोन पावलं चालत आला आणि खिडकीशी येऊन म्हणाला,

"त्यानी शाळामा जागा निंघनी व्हई ना? मंग तठे कोन लागनं?"